मुरब्याच्या बोटीला उचल कोण देतं? शेतीतली 'भागीदारी' मच्छीला लागू पडते का, समजून घ्या

ऑगस्ट २०२१ मध्ये पालघर तालुक्यातल्या मुरबे गावाचं नाव देशभर गाजलं. पावसाळी मासेमारी बंदी संपल्यानंतर समुद्रात गेलेल्या इथल्या एका बोटीच्या जाळ्यात १५७ घोळ मासे लागले आणि ते १ कोटी ३३ लाखांना विकले गेले. 'समुद्रातलं सोनं' वगैरे मथळे आले, व्हॉट्सॲपवर फोटो फिरले.

त्या बातमीतली एक गोष्ट मात्र मागे राहिली. हे मासे घेणारे व्यापारी उत्तर प्रदेश आणि बिहारचे होते. त्यांना घोळीच्या तुकड्या खायच्या नव्हत्या. घोळीची खरी किंमत असते तिच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला, म्हणजे बोताला. हे बोत सुकवून परदेशात जातं, मुख्यतः चीन, हाँगकाँगकडे. म्हणजे मासा पकडला मुरब्याच्या बोटीने, पण त्याचा भाव ठरला हजारो किलोमीटर लांबच्या मागणीवर.

मुरब्यापासून रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावर बोईसर आहे. तारापूर एमआयडीसी आणि अणुऊर्जा केंद्रामुळे वाढलेलं, चाळी, सोसायट्या आणि टॉवरांचं शहर. तिथे हजारो कुटुंबं रोज काहीतरी शिजवतात. त्यातल्या बऱ्याच जणांना आपल्या ताटातला मासा मुरब्याचा, सातपाटीचा, गुजरातचा की शीतगृहातला, हे सांगता येणार नाही.

शेतीमध्ये या प्रश्नावर गेली पन्नासेक वर्षं एक उपाय चालू आहे. इंग्रजीत त्याला 'कम्युनिटी सपोर्टेड ॲग्रिकल्चर' म्हणतात, थोडक्यात सीएसए. मराठीत सरळ 'भागीदारीची शेती' म्हणू.

घरपोच भाजी म्हणजे भागीदारी नव्हे

ॲपवरून 'थेट शेतकऱ्याकडून' भाजी मागवली की आपण सीएसए करतोय असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. ॲपवर तुम्ही आज दोन किलो टोमॅटो मागवता, आवडले नाहीत तर परत करता, पुढच्या आठवड्यात दुसरीकडून घेता. मधले दलाल कमी झाले असतील, पण धोका अजून एकट्या शेतकऱ्याच्याच डोक्यावर आहे.

भागीदारीत क्रम उलटा असतो. हंगाम सुरू होण्याआधी काही कुटुंबं शेतकऱ्याला पैसे देतात. त्या पैशात बियाणं, मजुरी, खत निघतं. मग हंगामभर दर आठवड्याला शेतात जे येईल त्याचा वाटा प्रत्येक घरी जातो. भेंडी भरपूर आली तर भेंडीच भेंडी. अवकाळीने पीक झोपलं तर टोपली अर्धी, आणि पैसे परत मागायचे नाहीत. शेतकऱ्याला सावकाराकडे जावं लागत नाही, आणि खाणाऱ्याला आपलं अन्न कुठल्या बांधावरून आलं हे माहीत असतं. या सगळ्याचा गाभा आगाऊ दिलेले पैसे हा आहे. ताजेपणा, सेंद्रियपणा या पुढच्या गोष्टी.

याची पहिली मोठी चळवळ जपानमध्ये झाली. तिथे तिला 'तेइकेई' म्हणतात. १९७१ मध्ये तेरुओ इचिराकू यांच्या पुढाकाराने जपानची सेंद्रिय शेती संघटना स्थापन झाली आणि १९७८ मध्ये तेइकेईची दहा तत्त्वं मांडली गेली. त्या काळचा जपान डोळ्यांसमोर आणायला हवा. मिनामाता या किनारी गावात रासायनिक कारखान्याचं पाऱ्याचं सांडपाणी समुद्रात जात होतं. तो पारा माशांत उतरला, आणि मासे खाणाऱ्या कोळी कुटुंबांतली माणसं हातपाय वाकडे होऊन मरू लागली. १९५६ मध्ये तो आजार अधिकृतपणे नोंदला गेला. अन्न कुठून येतं हे न विचारण्याची किंमत काय असते, ते जपानने असं पाहिलं होतं. शहरातल्या गृहिणी शेतकऱ्यांकडे स्वतःहून गेल्या त्यामागे ही भीती होती. तारापूरच्या शेजारी राहणाऱ्यांना हा संदर्भ वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

युरोपात जिनिव्हाच्या शेतकरी-ग्राहकांनी १९७८ मध्ये असंच सुरू केलं. अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांतल्या दोन शेतांनी ही पद्धत आणली आणि सीएसए हे नाव तिथून जगभर गेलं.

आपल्याकडे मुंबईत 'हरी भरी टोकरी' हा याच पद्धतीचा उपक्रम. सेंद्रिय शेतकरी आणि ग्राहकांच्या एकत्र संघटनेतून तो उभा राहिला. हंगामाची नोंदणी आधी, काही रक्कम आगाऊ, मग आठवड्याला एक टोपली, आणि टोपलीत काय येणार ते शेत ठरवणार. पुण्याजवळ बोडकेवाडीचा अभिनव फार्मर्स क्लब शेतकऱ्यांच्या गटातून थेट घरांपर्यंत माल पोचवण्यासाठी प्रसिद्ध आहे. तो थेट विक्रीचा नमुना, भागीदारीचा सख्खा नाही पण चुलत भाऊ. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला, त्यामुळे अशा थेट व्यवहारांची कायदेशीर अडचणही बरीचशी संपली.

आता समुद्राकडे वळू

मच्छीमाराचा धंदा शेतीपेक्षाही जास्त आगाऊ पैशांवर चालतो. हे शहरात फारसं कुणाला माहीत नसतं.

बोट समुद्रात ढकलण्याआधी डिझेल भरावं लागतं, बर्फ घ्यावा लागतो, खलाशांचं रेशन भरावं लागतं. जाळी तुटलेली असतात, ती नवी घ्यायची किंवा विणून दुरुस्त करायची. खलाशांना हंगामाआधी उचल द्यावी लागते. हे खलाशी पुष्कळदा जिल्ह्यातल्याच आदिवासी पाड्यांवरचे असतात, आणि पावसाळ्यात घर चालवायला त्यांना ती उचल लागतेच. हा सगळा खर्च एकही मासा दिसायच्या आधीचा. वर जाळ्यात काय येईल याची खात्री शून्य.

मग हा पैसा कुठून येतो? एक वाट व्यापाऱ्याची. तो हंगामाआधी रक्कम देतो आणि बदल्यात मासा त्यालाच द्यायचा असं ठरतं. व्याजाचा आकडा कागदावर दिसतोच असं नाही. तो भावात वसूल होतो, कारण ज्याच्याकडून उचल घेतली त्याच्याशी घासाघीस करता येत नाही. म्हणजे बघा, आगाऊ पैसे देऊन मालावर हक्क मिळवणं ही सीएसएची कल्पना किनाऱ्याला अजिबात नवी नाही. फक्त इथे उचल देणारा आणि ताटात मासा घेणारा हे दोन वेगळे लोक आहेत, आणि धोक्याचा वाटा दोघांपैकी कुणीच उचलत नाही.

दुसरी वाट सहकाराची, आणि इथे पालघरचा किनारा बाकी कोकणापेक्षा उजवा आहे. मुरब्याच्या खाडीपलीकडचं सातपाटी पापलेटसाठी ओळखलं जातं, तसंच मच्छीमार सहकारी संस्थांसाठीही. या संस्था सभासदांना डिझेल आणि बर्फ देतात, शासनाच्या डिझेल परताव्याची कागदपत्रं बघतात, गरजेला कर्ज देतात आणि पापलेट गोळा करून एकगठ्ठा विकतात. पापलेटची वजनावर प्रतवारी होते. सगळ्यात मोठं ते 'सुपर', खाली एक नंबर, दोन नंबर अशी उतरंड. हंगामाच्या तोंडावर संस्था आणि व्यापारी यांच्यात प्रत्येक प्रतीचा भाव ठरतो. एकट्या बोटवाल्याला जे जमलं नसतं ते संस्थेला जमतं. माझ्या मते भागीदारीच्या शेतीचा हा जुना आणि जास्त दणकट भाऊ आहे. उणीव एकच. या भागीदारीत पकडणारे सगळे आहेत, खाणारा कुणी नाही. पापलेटचा चांगला माल मोठ्या बाजारात आणि निर्यातीत जातो, आणि बोईसरच्या घराशी त्याचा संबंध येतो तो उरलेल्या मापाचा.

पापलेट हा आता महाराष्ट्राचा राज्य मासाही आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये तशी घोषणा झाली. पाठोपाठ नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान मासा पकडायचा नाही. कारण साधं आहे. पिल्लंच पकडली तर पुढच्या वर्षी मोठे येणार कुठून? २०१९ मध्ये राज्याच्या किनाऱ्यावर सुमारे २ लाख १ हजार टन मासळी उतरली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मोजणीनुसार तो ४५ वर्षांतला नीचांक होता.

माशाची भागीदारी कुणी करून पाहिली?

अमेरिकेच्या मेन राज्यातल्या पोर्ट क्लाइड बंदरात २००७ मध्ये. तिथल्या लहान बोटवाल्यांना धक्क्यावर कोळंबीचा भाव इतका कमी मिळत होता की बोट बाहेर काढणं परवडत नव्हतं. जवळच्या गावातल्या एका चर्चच्या सभासदांनी हंगामाचे पैसे आगाऊ भरले आणि दर आठवड्याला कोळंबीचा वाटा घ्यायला सुरुवात केली. शेतीतली पद्धत समुद्राला लावल्याचं हे पहिलं उदाहरण मानलं जातं. २००९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या ग्लॉस्टर बंदरात याचीच मोठी आवृत्ती निघाली आणि तिच्यामागे मच्छीमारांच्या बायकांची संघटना होती. तिथे गंमत अशी झाली की लोकांना अख्खा मासा मिळायला लागला आणि तो साफ कसा करायचा हेच कुणाला येईना. मग साफ करायचं शिकवावं लागलं.

पोर्ट क्लाइडच्या गोष्टीचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. समुद्राचं पाणी तापत गेलं, ती कोळंबी झपाट्याने कमी झाली आणि २०१४ च्या हंगामापासून तिची व्यावसायिक मासेमारी बंद करावी लागली. गिऱ्हाईक प्रामाणिक होते, बोटवाले प्रामाणिक होते, भावही बरा मिळत होता. कोळंबीच नव्हती. ज्यांचा माल एकाच जातीवर उभा आहे त्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, आणि पापलेटवर उभ्या असलेल्या किनाऱ्याने तर नक्कीच.

बोईसरच्या सोसायटीला हे करायचं झालं तर

हिशेब समजून घेण्यासाठी एक कल्पनेतलं उदाहरण घेऊ. चाळीस कुटुंबं, प्रत्येकी आठवड्याला ५०० रुपये, आठ आठवडे. झाले १ लाख ६० हजार. मोठ्या, कित्येक दिवस समुद्रात राहणाऱ्या बोटीच्या खर्चापुढे ही रक्कम लहान आहे. पण खाडीच्या तोंडाशी आणि किनाऱ्याजवळ मासेमारी करून परतणाऱ्या लहान होडीसाठी ती हंगामाची सुरुवात सोपी करू शकते. म्हणून भागीदारी जमेल ती लहान बोटीशी. मोठ्या बोटीला सहकारी संस्था आणि बँकच लागते. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, त्यामुळे शेतकऱ्यासारख्या कर्जाच्या आणि विजेच्या सवलती मिळण्याचा रस्ता तरी उघडला आहे.

आता वाटा काय असेल? इथेच शहरातल्या माणसाची खरी परीक्षा. त्याला हवं असतं पापलेट, सुरमई, कोळंबी. होडीत येतात बोंबील, मांदेली, करंदी, ढोमी, वाकटी, कधी नुसता जवळा. बोंबील पाणीदार, तासाभरात मऊ पडणारा मासा. तो लांब जात नाही म्हणून जवळच्याने खायचा मासा तोच. मांदेलीचे काटे बारीक, पण कुरकुरीत तळली की काट्यासकट जाते. 'मला फक्त पापलेट द्या' म्हणणारा माणूस भागीदार होऊ शकत नाही. तो गिऱ्हाईक आहे, आणि गिऱ्हाईक असण्यात वाईट काही नाही, फक्त मग पैसे आगाऊ देण्याचं सोंग करू नये. कुठल्या महिन्यात कुठला मासा खावा आणि कुठला सोडावा, याची मुंबईत २०१७ पासून चालणाऱ्या 'नो युवर फिश' या उपक्रमाची महिनावार यादी आहे. सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला ती चांगली.

बोईसरची आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. कारखान्यांमुळे इथे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, बंगाल असे सगळीकडचे लोक आहेत. अनेकांची जीभ रोहू-कटल्याची, गोड्या पाण्याच्या माशाची. त्यांना खाऱ्या पाण्याचे बोंबील वासाचे वाटतात. काही सोसायट्यांत तर मासळीच चालत नाही. तेव्हा चाळीस कुटुंबं एका इमारतीत मिळतील ही आशा सोडलेली बरी. ती आळीभर शोधावी लागतील.

आणि सगळ्यात नाजूक जागा म्हणजे टोपलीवाली. किनाऱ्यावरच्या गावांत मासा पकडणं पुरुषांचं आणि विकणं बायकांचं, ही वाटणी जुनी. पहाटे धक्क्यावर लिलावात मासा घ्यायचा, बर्फात घालायचा आणि टमटम किंवा लोकलने बाजार गाठायचा. १६ एप्रिल २०१३ ला विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत उपनगरी लोकल सुरू झाली आणि या बायकांचा मुंबईकडचा प्रवास थोडा सुकर झाला. 'मधले हात काढून टाका' हे वाक्य ऐकायला छान वाटतं, पण मुरबे ते बोईसर या अंतरात मधला हात म्हणजे बहुतेक वेळा हीच बाई. तिचा नफा काढून सोसायटीला मासा वीस रुपये स्वस्त मिळाला तर त्याला लोकल फूडची चळवळ म्हणता येणार नाही. योजना करायचीच असेल तर वाटे लावायचं, कापून द्यायचं आणि पैशांचा हिशेब ठेवायचं काम तिच्याकडेच ठरलेल्या मोबदल्यावर असावं. ग्लॉस्टरमध्ये लोकांना मासा साफ करायला शिकवावं लागलं. आपल्याकडे 'मावशी, कालवणाचं करून द्या' म्हटलं की ती दोन मिनिटांत डोकं वेगळं, तुकड्या वेगळ्या करून देते. हे कौशल्य योजनेत फुकट धरायचं नाही.

पाण्याचं काय?

ताजा, जवळचा, ओळखीच्या बोटीचा मासा स्वच्छ पाण्यातलाच असेल असं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या १०० औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात तारापूर ९३.६९ गुणांसह सगळ्यात वर होतं. तारापूरचं रासायनिक सांडपाणी नवापूर, दांडी आणि खारेकुरण-मुरबे खाडीच्या पाण्यात जातं, त्यामुळे मासेमारी बुडते आहे, अशी तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. मांगेला हा या किनाऱ्यावरचा मच्छीमार समाज. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभरहून जास्त कारखाने आणि सामायिक सांडपाणी केंद्र यांच्यावर मिळून सुमारे १६० कोटींची भरपाई बसवली.

बोईसरची माणसं मोठ्या संख्येने याच कारखान्यांत काम करतात. पगार तिथून येतो, सांडपाणी तिथून जातं आणि मासा त्या पाण्यातून येतो. तक्रार मात्र एकट्या मच्छीमारांनी केली. ज्या कुटुंबाने मुरब्याच्या होडीत पाच-दहा हजार आगाऊ घातले आहेत, त्या कुटुंबाला खाडीचं पाणी काळं का झालं हा प्रश्न आपोआप पडेल. मिनामातानंतरच्या जपानी गृहिणींना पडला तसाच. भागीदारीचा हा फायदा मला मासा स्वस्त मिळण्यापेक्षा मोठा वाटतो.

किनाऱ्यावर दुसरेही मोठे बदल येऊ घातले आहेत. ७६ हजार २२० कोटींच्या वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झालं. मुरब्यालाही जेएसडब्ल्यू समूहाचं बंदर प्रस्तावित आहे आणि मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. जाळी टाकायची जागाच गेली तर सोसायटीच्या चाळीस वाट्यांनी काही भागत नाही. तो लढा वेगळा आणि मोठा आहे.

बंदीचे दोन महिने

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात जायला मनाई असते. हा माशांच्या विणीचा काळ. भागीदारी वर्षभराची करायची तर या ६१ दिवसांचं उत्तर हवं, आणि ते किनाऱ्याकडे आधीपासून आहे. बांबूच्या वलांडीवर टांगून वाळवलेले बोंबील, सुकी करंदी, जवळा, सोडे. उन्हाळ्यात ही सुकी मच्छी पूर्ण तयार असते. पैशांची सगळ्यात जास्त चणचण असते तीही मे-जूनमध्ये, म्हणून सुक्या वाट्याचे पैसे तेव्हा पोचले पाहिजेत.

त्याच दिवसांत डोंगराकडून दुसरी टोपली येते. पहिल्या पावसाबरोबर आदिवासी बाया शेवळं घेऊन बसतात, मग टाकळा, कुर्डू, करटोली. शेवळं घशाला खाजतात, त्यांच्यासोबत काकडाची आंबट फळं घालावी लागतात, आणि विकणारी ती बरोबर देते. सुका जवळा घालून केलेली शेवळं ज्याने खाल्ली आहेत त्याला जून महिन्यात पापलेटची आठवण येत नाही. या भाज्यांना लावणी नाही, खत नाही, आणि ॲपवर त्या सहज मिळतही नाहीत. जिल्ह्याकडे वाडा कोलम तांदूळ, डहाणू-घोलवडचे चिकू, बहाडोलीची जांभळं अशी भौगोलिक मानांकन मिळालेली पिकंही आहेत. म्हणजे मासा, तांदूळ, रानभाजी आणि फळ, चारही गोष्टी एकाच जिल्ह्यातून येऊ शकतात.

बोईसरच्या कुणाला हे करून बघायचं असेल तर सुरुवात मोठ्या योजनेने करायची गरज नाही. तुमच्या बाजारातल्या नेहमीच्या मावशींना विचारा की मासा कुठल्या गावचा, कुणाच्या होडीचा. दहा घरं जमली तर मार्चमध्येच त्यांच्याकडे सुक्या बोंबलांचे आणि जवळ्याचे पैसे आगाऊ द्या, माल मे महिन्यात घ्या. रक्कम, माल आणि तारीख एका वहीत लिहून दोघांनी सही करा. ओल्या मच्छीचा वाटा नारळी पौर्णिमेनंतर ठरवता येईल.